घड्याळ, फीत आणि उडी : खेळाडू पारखण्याच्या चाचण्यांचा इतिहास, अहेरीच्या रस्त्यापासून

१/
पहाटेच्या अंधारात अहेरीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तरुण मुले-मुली धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणाच्या नसतात; मोबाइलवरचे स्टॉपवॉच मात्र चालू असते. पोलीस भरती किंवा वनरक्षक भरती हे त्यांचे लक्ष्य. असाच एक जथा अमेरिकेतील शिकागो शहरात मे महिन्यात जमतो. तो एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवू पाहणाऱ्यांचा असतो. त्यांची उडी इंचांत मोजली जाते, यांची धाव सेकंदांत. दोन्हीकडे प्रश्न एकच : काही मिनिटांच्या मोजमापावरून माणूस पुढे काय करील हे सांगता येते का? या प्रश्नाला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/
प्रारंभ हार्वर्ड विद्यापीठात झाला. १८७९ मध्ये डडली सार्जंट हे तेथील व्यायामशाळेचे प्रमुख झाले आणि विद्यार्थ्यांच्या शरीराची पद्धतशीर मापे घेऊ लागले. १९२१ मध्ये त्यांनी जागच्या जागी मारलेल्या उंच उडीवर आधारलेली चाचणी मांडली. आज ती भिंतीजवळ घेतात : हात वर करून बोटे पोहोचतील तेथे खूण करायची, मग उडी मारून दुसरी खूण करायची. दोन खुणांमधील अंतर म्हणजे पायांतील स्फोटक शक्तीचे माप. गावच्या शाळेतही खडूच्या एका तुकड्यावर ही चाचणी होऊ शकते. तिच्या जगभरच्या प्रसाराचे रहस्य या साधेपणात आहे.

३/
बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी स्प्रिंगफील्ड येथे जन्माला घातला. व्यावसायिक लीगमध्ये 'ड्राफ्ट' ही पद्धत १९४७ मध्ये आली. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची क्रमवार वाटणी. दुबळ्या संघांना निवडीत प्राधान्य, जेणेकरून बलाढ्य संघच सगळे चांगले खेळाडू गोळा करणार नाहीत. सुरुवातीला निवडीचा आधार महाविद्यालयीन सामने, प्रशिक्षकांचा शब्द आणि वृत्तपत्रांतील वर्णने एवढाच होता. चुकीच्या निवडीची किंमत वाढत गेली तसा संघमालकांचा केवळ डोळ्यांवरचा विश्वास कमी झाला आणि फीत व घड्याळ पुढे आले.

४/
आज या निवडपूर्व शिबिरात काय मोजतात? बुटांशिवाय उंची, पसरलेल्या हातांची लांबी, हात वर करून गाठता येणारी उंची, जागेवरची उडी, धावत येऊन मारलेली उडी, मैदानाच्या तीन-चतुर्थांश लांबीची धाव आणि दिशा बदलत धावण्याची चपळता. यांखेरीज संघ आपापल्या मैदानावर खेळाडूंना बोलावून त्यांची नेमबाजी तपासतात, मुलाखती घेतात, वैद्यकीय अहवाल पाहतात. म्हणजे ज्या देशात मोजमापाचे तंत्र इतके पुढे गेले, तेथेही केवळ आकड्यांवर निवड होत नाही. का होत नाही, याचे उत्तर २००७ च्या ड्राफ्टमध्ये सापडते.

५/
त्या वर्षी शिबिरात १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन छातीवरून उचलण्याची चाचणी होती. केव्हिन ड्युरांट नावाच्या कृश तरुणाला ते एकदाही उचलता आले नाही. या अपयशाची चर्चा खूप झाली. तरीही सिएटलच्या संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच मोसमात तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०१४ मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. पहिल्या क्रमांकावर निवडलेला ग्रेग ओडेन धिप्पाड होता, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याची कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. पहिल्याच्या हातातील खेळ वजनाच्या चाचणीला दिसला नाही. दुसऱ्याच्या गुडघ्यांचे भविष्य फितीला कळले नाही.

६/
मग चाचण्या निरर्थक म्हणायच्या का? तसे म्हणण्यापूर्वी चाचण्या नसताना काय होते ते पाहावे. महाराष्ट्रातील तालमीत वस्ताद पोराची मांडी, मान आणि नजर पाहून पारख करीत. ती पारख पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवातून आलेली होती. पण वस्तादाच्या नजरेस पडण्याइतके जवळ असणे ही तिची पहिली अट होती. जो तालमीपर्यंत पोहोचला नाही, तो त्या पारखीच्या बाहेरच राहिला. शिवाय निवड माणसाच्या मर्जीवर सोडली की मर्जी कुणाच्या बाजूने झुकेल याचा नेम नसतो.

७/
कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याचे उदाहरण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी झालेल्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे होते. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते झाले. प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. निवडीत न्याय मिळणे आणि निवडीनंतर पाठबळ मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एकाच आयुष्यात दिसते.

८/
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शरीराची सरकारी परीक्षा खेळाच्या नव्हे, नोकरीच्या वाटेने रुजली. वनरक्षक भरतीत पुरुष उमेदवाराला ४ तासांत २५ किलोमीटर चालावे लागते, महिला उमेदवाराला तेवढ्याच वेळात १६ किलोमीटर. पोलीस शिपाई भरतीतील मैदानी चाचणी अलीकडच्या नियमांनुसार ५० गुणांची आहे. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले तेव्हा स्थानिक तरुणांच्या रानवाटांच्या माहितीला आणि काटकपणाला मोल आले. अहेरीच्या रस्त्यावरील पहाटेच्या धावेमागे ही पार्श्वभूमी आहे.

९/
या नोकरीच्या चाचण्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. २५ किलोमीटर चालण्याची परीक्षा आणि वनरक्षकाचे रोजचे काम यांत फारसे अंतर नाही. जे काम करायचे त्याचाच तो नमुना आहे. खेळाच्या चाचणीत मात्र हे अंतर फार मोठे असते. बारा वर्षांच्या मुलीची उडी मोजून ती वीस वर्षांची झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला चकवून चेंडू जाळीत टाकील की नाही, हे सांगायचे असते. मधल्या आठ वर्षांत शरीर बदलते, आवड बदलते, घरची परिस्थिती बदलते. त्या वर्षांबद्दल उडीचा आकडा काहीही सांगत नाही.

१०/
भारतात खेळाडू शोधण्यासाठी अशा चाचण्यांचा देशव्यापी वापर भारतीय क्रीडा प्राधिकरणामुळे सुरू झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर, १९८४ मध्ये या संस्थेची स्थापना झाली. लहान वयातील मुले निवडण्यासाठी तिने 'बॅटरी ऑफ टेस्ट' नावाचा चाचणीसंच वापरला : उंची, वजन, ३० मीटर वेगधाव, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, ६ × १० मीटर शटल रन, ८०० मीटर धाव आणि पुढे वाकण्याची लवचिकता. महाराष्ट्रात १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनीच्या निवासी प्रशिक्षणासाठी याच प्रकारच्या चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या.

११/
प्रत्येक चाचणीमागे एक विचार आहे. ३० मीटरमधून वेग कळतो, उड्यांमधून पायांची शक्ती, मेडिसिन बॉलमधून खांद्यांची व धडाची ताकद, शटल रनमधून वळण्याची चपळाई, ८०० मीटरमधून दम. खेळ कोणता हे नंतर ठरते. आधी कच्चा माल पारखायचा, अशी ही कल्पना. तिचा सर्वात मोठा गुण असा की तिला ना क्लब लागतो, ना ओळख, ना महागडे साहित्य. आश्रमशाळेतील मूल आणि शहरातील अकादमीतील मूल एकाच रेषेवर उभे राहते. निदान कागदावर तरी.

१२/
हे दार खरोखर उघडले की काय घडते? १९८७ मध्ये राजस्थानातील उदयपूर परिसरात, मकरादेव या गावी, क्रीडा प्राधिकरणाने धनुर्धारी निवडण्यासाठी चाचणी घेतली. लिंबाराम नावाचा आदिवासी मुलगा काकाच्या सांगण्यावरून तेथे गेला आणि निवडला गेला. दिल्लीत प्रशिक्षण मिळाले. पुढे तो तीन ऑलिम्पिकमध्ये खेळला आणि १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने विश्वविक्रमाशी बरोबरी केली. येथे चाचणी त्या मुलाला आधीपासून अवगत असलेल्या कौशल्याची होती. निवडणारे त्याच्या गावाजवळ आले होते, आणि निवड होताच प्रशिक्षण सुरू झाले. या यशामागे या तिन्ही गोष्टी होत्या.

१३/
त्याच दशकात दुसरा प्रयोग महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे झाला. कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. आफ्रिकी वंशाचे धावपटू जगात चमकतात, तेव्हा सिद्दी मुलेही चमकतील, या समजुतीवर १९८७ च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणाने त्यांच्यातून मुले निवडली व वसतिगृहांत आणली. काहींनी राष्ट्रीय स्तरावर नावही कमावले. पण १९९३ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली. काहींना नोकऱ्या मिळाल्या. अनेक जण पुन्हा शेतमजुरीकडे वळले.

१४/
या प्रयोगात दोन चुका होत्या आणि दोन्ही इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या ओळखीच्या आहेत. पहिली, व्यक्तीऐवजी जमात मोजण्याची. वसाहतकाळात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि डोक्याचा आकार मोजून भारतीय समाजाचे वंश ठरवू पाहिले. 'अमुक समाज जन्मजात धावपटू' हे विधान त्याच सवयीचे गोड रूप आहे. 'गोंड-माडिया मुले मुळातच काटक' असे आज कौतुकाने म्हटले जाते, तेव्हाही सावध राहायला हवे. दुसरी चूक अधिक व्यावहारिक : निवडलेल्या मुलांना शाळा, घर आणि भाषा यांपासून दूर नेले, आणि मग योजनाच थांबवली.

१५/
आता पुन्हा अहेरीकडे. येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धा भरतात. समजा, अशा मैदानावर एका मुलीची ८०० मीटर धाव मोजली. घड्याळाने दिलेली वेळ वयोगटाच्या तक्त्याशी ताडून गुण दिले जातात. म्हणजे गुणांचा अर्धा आधार जन्मतारीख हा आहे. आणि शाळेत दाखल करताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी भेटतात! दाखल्यावर बारा वर्षांची असलेली मुलगी प्रत्यक्षात अकरा किंवा तेरा वर्षांची असू शकते. घड्याळ शतांश सेकंदापर्यंत अचूक असूनही निकाल वर्षभराने चुकतो.

१६/
वयातील थोडासा फरक किती मोठा ठरतो? १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या पातळीवरील खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीतील मूल डिसेंबरमधील मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. ते थोडे उंच, थोडे बळकट. म्हणून ते निवडले जाते, त्याला अधिक प्रशिक्षण मिळते आणि आरंभीचा फरक पुढे कायमचा होतो. लवकर वयात येणे आणि गुणवान असणे यांत चाचणी भेद करीत नाही.

१७/
दुसरी गोष्ट रक्ताची. गडचिरोली जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून १९८० च्या दशकात त्याकडे लक्ष वेधले गेले. कुपोषण आणि रक्तक्षय यांचाही भार आहे. ८०० मीटर धावताना स्नायूंना प्राणवायू पुरवण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते कमी असलेली मुलगी शेवटच्या फेरीत मागे पडते, तेव्हा घड्याळाने तिची गुणवत्ता मोजली की तिच्या ताटातील उणीव? सिकलसेल असलेल्या मुलाला जिवाच्या आकांताने पळवणे तर धोक्याचेही ठरू शकते. म्हणून रक्ततपासणी धावेच्या आधी हवी.

१८/
तिसरी गोष्ट सरावाची. अमेरिकेतील खेळाडू निवड शिबिराच्या आधी कित्येक आठवडे खास प्रशिक्षक ठेवून त्या ठरावीक चाचण्यांचाच सराव करतात. पाय कसा टेकवायचा, हात केव्हा झटकायचा, रेषेवर कसे वळायचे, हे शिकले की आकडा सुधारतो; खेळ तेवढाच सुधारतो असे नाही. आता जिने मेडिसिन बॉल त्या दिवशी प्रथमच हातात घेतला, तिची फेक आणि जिने महिनाभर सराव केला तिची फेक एकाच तक्त्यात मांडली जाते. पहिली मुलगी कमी पडली, एवढेच कागद सांगतो.

१९/
नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली. एका आदिवासी पाड्यावरील मुलीला 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव मिळाले ते एका दिवसाच्या चाचणीमुळे नव्हे. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे केलेला सराव त्यामागे होता. तिच्या पाड्यावर दम असलेली ती एकटीच मुलगी होती, असे मानण्याचे कारण नाही. प्रशिक्षकापर्यंत पोहोचलेली मात्र ती होती.

२०/
अहेरीला लागून वाहणारी प्राणहिता ओलांडली की तेलंगणा लागते. तेथील निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा ही समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळेतील मुलगी २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. वय १३ वर्षे ११ महिने. चार वर्षांनी चंद्रपूर जिल्ह्यात आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाने 'मिशन शौर्य' हाती घेतले. बोर्डा, देवाडा आणि जिवती येथील आश्रमशाळांतील दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांपैकी पाच जणांनी ८,८४८ मीटर उंचीचे शिखर गाठले.

२१/
या मोहिमांची निवडपद्धत लक्षणीय आहे. शारीरिक चाचणी हे पहिले पाऊल होते, शेवटचे नव्हे. त्यानंतर खडकांवरील सराव, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी, असे टप्पे आले. प्रत्येक टप्पा शिकवतही होता आणि पारखतही होता. विरळ हवेत शरीर कसे वागते, भीती वाटली की मूल काय करते, दोर बांधलेल्या सोबत्याची काळजी घेते का, हे सपाट मैदानावर कळले नसते. शिखर न गाठलेले पाच जणही काही महिन्यांपूर्वी आश्रमशाळेत होते तसे परतले नाहीत; प्रशिक्षण त्यांच्याबरोबर घरी आले.

२२/
बास्केटबॉलमधील भारतीय उदाहरण हेच सांगते. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील सतनामसिंग भामरा याची उंची सात फुटांहून अधिक. ती मोजायला तज्ज्ञ लागत नव्हता. पण आधी लुधियानाच्या अकादमीत आणि २०१० पासून फ्लोरिडात त्याच्यावर मेहनत घेतली गेली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. तरीही मुख्य लीगमध्ये एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लहानपणापासून रोज कसदार सामने खेळणाऱ्यांशी स्पर्धा करताना उंची पुरी पडली नाही.

२३/
मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'कीर्ती' ही ९ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीची प्रतिभाशोध योजना सुरू केली. चाचण्या पुन्हा गावोगावी जात आहेत, हे स्वागतार्ह आहे. अहेरीपासून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आणि पुण्याचे बालेवाडी आठशे किलोमीटरहून दूर. तेवढा प्रवास करून स्वतःला सिद्ध करणे कोणत्याही बारा वर्षांच्या मुलाच्या हातात नसते. म्हणून फीत आणि घड्याळ त्याच्या शाळेत पोहोचलेच पाहिजे.

२४/
मात्र इतिहासातून निघणारी मागणी इथे थांबत नाही. आश्रमशाळेच्या नोंदवहीत उडी आणि वेळ यांच्या शेजारी आणखी काही रकाने हवेत : जन्मतारखेचा आधार काय, हिमोग्लोबिन किती, चाचणी आधी शिकवली होती का, आणि तीन महिन्यांच्या सरावानंतर दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा किती बदलला. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा या बदलाकडे अधिक बारकाईने पाहावे. सर्वात शेवटचा रकाना निवडणाऱ्यांच्या कामाचा : निवड झालेले मूल पाच वर्षांनी कुठे आहे? सिद्दी मुलांच्या बाबतीत हा रकाना कुणी वेळेवर भरला असता, तर ती योजना तशी गुंडाळता आली नसती.

२५/
अहेरीच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींपैकी फार थोडे पोलीस किंवा वनरक्षक होतील. जागाच मोजक्या असतात. उरलेल्यांच्या पायांतील वेग भरतीच्या यादीबरोबर संपत नाही, पण त्याची नोंद ठेवणारे कुणी नसते. सार्जंटच्या खडूच्या खुणेपासून कीर्ती योजनेपर्यंत मोजण्याची साधने पुष्कळ सुधारली. मोजून झाल्यावर त्या मुलाचा हात कोण धरणार, हा प्रश्न १९५२ मध्ये एका प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सोडवला होता. तो दर वेळी कुणाच्या घरावर सोडून चालणार नाही.

(थ्रेड समाप्त)